उसाच्या यंत्रावरचं नाव

आप्पा,

नोटीस आली तेव्हा मी लेथवर होते. पोस्टमननं दारातूनच ओरडून सांगितलं, "ताई, रजिस्टर हाय, सही लागंल," म्हणून तसल्याच तेलकट हातानं सही केली, पाकीट कपाटावर टाकलं आणि हातातलं काम उतरल्यावरच ते फोडलं. वाटलं, वीज खात्याचं काहीतरी असेल. आत सहा पानं निघाली, सगळी इंग्रजीत, आणि शेवटच्या पानावर आपल्या यंत्राचं चित्र. उसाच्या पेऱ्यावरचे डोळे रोपांसाठी काढायचं आपलं हातयंत्र. तोच वाकवलेला दांडा, तेच अर्धगोल पातं, तीच स्प्रिंग. प्रत्येक भागाला बाण काढून आकडा दिलेला. मजकूर असा होता की हे यंत्र म्हणजे त्यांच्या कंपनीचा शोध आहे, त्याचं पेटंट त्यांना मिळालेलं आहे, आणि आम्ही पंधरा दिवसांत ते बनवणं आणि विकणं बंद केलं नाही तर ते कोर्टात जातील. मी ते उभ्यानंच दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना चौदा नंबरच्या बाणावर नजर गेली आणि मला चक्क हसू आलं. तळपट्टीच्या कोपऱ्यात एक भोक दाखवलं होतं. ते भोक कुठलं ते तुम्हाला सांगायला नको. बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीतल्या मोटारीखालच्या पट्ट्या तुम्ही भंगारात उचलल्या होत्या, त्यांना ते आधीपासूनच होतं. पट्ट्या संपल्या, नवीन लोखंड आलं, तरी कामगार जुन्या पट्टीवरून खुणा करत गेले आणि भोकही पाडत गेले. कशाला पाडायचं, हे कुणी विचारलंच नाही. तीस वर्षं आपण ते भोक पाडतोय. आणि या लोकांनी पेटंटमध्ये लिहिलंय की ते उसाचा रस निथळून जाण्यासाठी आहे.

हसू फार वेळ टिकलं नाही. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि तेव्हापासून उद्यमनगरातली ही शेड मी एकटी चालवते. पंपाचे भाग, शेतीची अवजारं असली कामं येतात-जातात, पण शेड उभी आहे ती या एका यंत्रावर. आपल्याच काय, गल्लीतल्या आणखी चार शेडमध्ये ते बनतं, कारण जो कोणी मागायला आला त्याला तुम्ही कागद ठेवून आकार उतरवून घेऊ दिलात. त्या चौघांनाही नोटीस आली होती. दुपारपर्यंत सगळे आपल्या दारात. समोरच्या शेडवाल्यानं सरळ सांगून टाकलं, "तुमच्या आप्पांचं यंत्र हाय, तुमीच पुढं व्हा. आमी मागं हाय की." तुमच्या आप्पांचं. ते दोन शब्द मला टोचले आणि टोचतच राहिले. मी पाणी प्यायला उठते आणि पाणी न पिताच परत येते, ड्रिल सुरू करते आणि बंद करते, असं चाललेलं. शिवाय एक गोष्ट मी त्या चौघांना सांगितली नाही. त्या कंपनीला आपली दोन यंत्रं मीच विकली होती, सात वर्षांपूर्वी. दोघं जण गाडीतून आले, चहा घेतला, भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडं बघून "वा, वडिलांचा शोध का!" म्हणाले, आणि मी मान डोलावली.

शाहूपुरीत एक वकीलबाई आहेत, एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असतील, पण असली पेटंटची, ट्रेडमार्कची कामं बघतात असं कळलं म्हणून गेले. मी यंत्रच पिशवीतून नेलं होतं. टेबलावर ठेवून रागारागानं दांडा खालीवर करून दाखवला. त्या शांत. म्हणाल्या, "हे कुणाच्या डोक्यातून निघालं, हा आपला प्रश्नच नाही. त्यांनी अर्ज केला सहा वर्षांपूर्वी. त्याच्या आधी ही वस्तू लोकांत होती, उघड वापरात होती, एवढं दाखवलं की त्यांचं पेटंट टिकत नाही. पेटंट मिळून वर्ष व्हायच्या आत आपण पेटंट ऑफिसातच विरोध नोंदवू शकतो. आपल्या हातात चार महिने आहेत. नोटिशीला मी उत्तर पाठवते, तुम्ही मला तारीख असलेला कागद द्या."

"माणसं सांगतील की. शंभर शेतकरी आणून उभे करते."

"माणसं आणा. पण आधी कागद."

कागद कुठनं आणायचा, आप्पा? तुमचं सगळं खडूनं. यंत्राची आकृती शेडच्या फरशीवर, मापं लोखंडी दारावर, गिऱ्हाइकाचा गाव भिंतीवर. दरवर्षी दसऱ्याला चुना मारला की सगळं साफ. मी घरातल्या तीन ट्रंका उपसल्या, माळ्यावरची पोती खाली काढली. तुमचा चष्मा सापडला, आईच्या लग्नाची पत्रिका सापडली, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पितळी पट्टी. हातात घेतल्या घेतल्या कान तापले.

मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये धातूवर अक्षरं ठोकायचे पंच मिळायचे, ते घेऊन मी दोन आठवडे खपून ती पट्टी केली होती. वर "संशोधक", खाली तुमचं नाव, कडेनं बारीक रेघ. एक अक्षर बिघडलं म्हणून पहिली पट्टी टाकून दुसरी केली. ती मी गुपचूप एका तयार यंत्राला बसवली आणि तुमच्या पुढ्यात आणून ठेवली. मला वाटलं होतं, तुम्ही आईला हाक माराल. तुम्ही चष्मा वर केलात, वाचलंत, स्क्रू काढलेत, पट्टी व्हाइसमध्ये पकडलीत आणि कानस घेऊन माझ्यासमोर घासायला लागलात. त्या आवाजानं दातात कळ येते. "शोध माझा न्हाय. मी वेल्डिंग केलंय," तुम्ही म्हणालात. "पितळ चांगलं हाय, उलट्या बाजूनं कशाला तरी वापर." कामगार बघत होते. चार दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. पुढं लोकांना हा प्रसंग मी बरेच वेळा सांगितला, आप्पा किती साधे होते, किती नम्र, नाव नको, मोठेपणा नको. लोकांना फार आवडायचा. सांगताना माझा आवाजही थोडा भरून यायचा.

पण नम्रपणाचा त्यात काही संबंध नव्हता. तुम्ही खरं तेच बोलत होता, आणि ते खरं आहे हे मला ठाऊक होतं. मी आठवीत होते. शाळेला सुट्टी आहे आणि मी शेडच्या कोपऱ्यात खोक्यावर बसून वही भरतेय. जयसिंगपूरकडच्या एक बाई एसटीनं येतात, काखेत दोन ऊस आणि हातात पिशवी. डाव्या अंगठ्याला मोठी चिंधी. त्यांना तुम्ही आधीपासून ओळखता, त्यांच्या पंपाचं काम तुम्ही केलेलं असतं, तुम्ही "या अक्का" म्हणता, म्हणून त्या माझ्याही अक्काच. नवरा वारल्यावर शेती त्याच बघतात. पिशवीतून त्या एक विचित्र वस्तू काढतात. लाकडाच्या फळकुटावर दाराची बिजागरी ठोकलेली, बिजागरीच्या पंखाला अर्धा चिरलेला पाइपाचा तुकडा तारेनं बांधलेला, त्याची कड दगडावर घासून धार काढलेली. ऊस खाली धरून त्या पंख दाबतात आणि उसाचा डोळा वाटीसारखा अलगद सुटून घरंगळत लेथखाली जातो. तो मीच वाकून काढून आणते आणि तुमच्या तळहातावर ठेवते. तुम्ही कितीतरी वेळ तो फिरवून बघता.

"कुणी शिकवलं, अक्का?"

"कोण शिकवणार? कोयत्यानं डोळं काढताना बोट गेलं, मग सुचलं. रोपं करायला नुसता डोळा लागतोय, सगळा ऊस कशाला मातीत घालायचा? ह्ये लोखंडात पक्कं करून दे. आन दाबलं की आपलं आपण वर आलं पायजे."

तुम्ही तीन दिवस त्याच्यामागे होता. जुन्या मोपेडच्या स्टँडची स्प्रिंग काढून लावलीत, त्यानं ते आपलं आपण वर यायला लागलं. दांडा हाताला बसेल असा वाकवलात. चौथ्या दिवशी अक्का न्यायला आल्या तेव्हा आईनं त्यांना स्वयंपाकघरात पाटावर बसवून कांद्याशिवायचे पोहे दिले, कारण त्या जैन, कांदा खात नव्हत्या. अक्का पोहे खातात आणि दाराशी उभे राहून तुम्ही संकोचत विचारता, "आणखी दोन-चार करून बघू काय? कुणी मागितलं तर?" मला ते अजून दिसतंय. तोंडात घास असल्यामुळं अक्का नुसतीच मान हलवतात, मग घास गिळून म्हणतात, "कर की. बायकांची बोटं तरी वाचतील."

तर हे सगळं मला माहीत होतं. तरीही तुम्ही गेल्यावर दुसऱ्या वर्षी मी कॅटलॉग छापला आणि पहिल्या पानावर तुमचा फोटो घालून खाली लिहिलं, संशोधक. यंत्रावर ॲल्युमिनियमची पट्टी आली, तिच्यावरही तेच. का केलं, याची कारणं माझ्याकडं आहेत. बाई शेड चालवणार म्हटल्यावर गिऱ्हाइकं दारातूनच विचारायची, "मालक कुठं हायत?" दोन जुने कामगार सोडून गेले. मला कशाचा तरी आधार पाहिजे होता, आणि तुमचं नाव लावल्यावर लोक जरा नीट बोलायला लागले, हे खरं आहे. पण नोटिशीच्या त्या पानावर कंपनीच्या माणसाच्या नावापुढं इंग्रजीत "संशोधक" म्हणून छापलेलं दिसलं तेव्हा मला आपलाच कॅटलॉग दिसला. राग आला होता आणि तो धड कंपनीवरही ठरत नव्हता.

कागद कुठंच मिळेना तेव्हा शेवटी मी अक्कांकडं गेले. जायला आठ दिवस लावले. त्या आता ऐंशीच्या पुढं आहेत, पाठीतून वाकल्यात, पण घराच्या पुढच्या सोप्यात बसून सुनेला शेंगा कशा निवडायच्या ते ओरडून सांगत होत्या. मला बघून म्हणाल्या, "आलीस व्हय? बस की. बाच्या तेराव्याला मी आल्तो, त्याच्यानंतर आज तोंड दावतीस." मी नोटिशीचं सांगितलं, पेटंट म्हणजे काय ते सांगितलं, आपल्या दोघींना शपथेवर लिहून द्यावं लागेल ते सांगितलं, चौदा नंबरचं भोक सांगितलं, त्यावर त्या खळखळून हसल्या. मग मी विचारलं, त्या काळातलं काही आहे का, तारीख असलेलं, काहीही. त्यांनी सुनेला आतली पेटी आणायला लावली. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं वर्तमानपत्राचं पान होतं. गारगोटीला शेतीमालाचं प्रदर्शन भरलं होतं, तुम्ही आणि अक्का यंत्र घेऊन गेला होता, त्याची बातमी. फोटोत अक्का खाली बसून दांडा दाबताहेत, तुम्ही मागे उभे. वर तारीख, वर्ष, सगळं स्वच्छ. मला ते पान उराशी धरावंसं वाटलं. सुनेनं फोटोखालची ओळ मोठ्यानं वाचली. "यंत्राचे प्रात्यक्षिक दाखवताना एक महिला शेतकरी, शेजारी यंत्राचे जनक..." आणि पुढं तुमचं नाव, गावासकट.

"ऐकलंस?" अक्का म्हणाल्या. "हात माझा, ऊस माझा, डोस्कं माझं. आन मी कोण? एक महिला शेतकरी."

"अक्का, आप्पांनी असं सांगितलं नसणार."

"न्हवतंच सांगितलं. दुसऱ्या दिशी आल्ता हितं, मान खाली घालून. म्हटला, अक्का, मी तसं बोललो न्हवतो. मी म्हटलं, मग जा की पेपरवाल्याकडं, सांग की तसं. व्हय म्हटला. गेला न्हाय."

आप्पा, हे मला माहीत नव्हतं. मी तुमची बाजू घ्यायला म्हणून त्या पितळी पट्टीची गोष्ट सांगितली, कशी तुम्ही कानशीनं घासली, कसे चार दिवस आम्ही बोललो नाही. नेहमीसारखी रंगवून सांगितली. अक्कांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"चांगला माणूस हुता तुजा बा," त्या म्हणाल्या. "पर त्याचं नाव पुसलं म्हंजे माझं लागलं व्हय?"

त्यांनी पेटीतून आणखी एक कागद काढला. आपला कॅटलॉग, माझा, तुमच्या फोटोचा. जयसिंगपूरच्या बाजारात अवजारांच्या दुकानात त्यांनीच मागून घेतला होता, बारा-तेरा वर्षांपूर्वी. एवढी वर्षं तो त्या पेटीत, वर्तमानपत्राच्या पानाखाली.

"राग आलाय तुम्हाला," मी म्हणाले.

"आलाय तर. न्हाय कशाला म्हणू? बानं तरी विचारल्यालं, कर काय म्हणून. तू विचारलंस? आन आता ते कंपनीवालं चोर म्हणून माझ्याकडं आलीयास." त्यांनी पान पुन्हा घडी करून पिशवीत घातलं, पिशवी मांडीवर ठेवली. "पेपर ने. पर मी सांगन तसं लिवायचं. माझ्या कागदात बी आन तुज्या कागदात बी. न्हायतर ह्यो पेपर हितंच ऱ्हाऊ दे."

परत येताना गाडी दोनदा बाजूला घेऊन उभी राहिले. पहिल्यांदा अक्कांचा राग आला होता, म्हणजे यांना माझी शेड बुडाली तरी चालेल. दुसऱ्यांदा तुमचा आला. कानस हातात होती, पंच होते, पितळ होतं, मी होते. त्याच पट्टीच्या उलट्या बाजूला अक्कांचं नाव टाक, एवढं म्हणायला तुम्हाला काय झालं होतं? मी रडत रडत का होईना, टाकलं असतं. स्वतःचं नाव घासून तुम्ही मोकळे झालात आणि मला ती कोरी पट्टी ठेवून गेलात. हे तुमच्यासमोर मी कधी बोलले नसते. आत्ता लिहितानासुद्धा मान वर करून फोटोकडं बघायचं टाळतेय.

वकीलबाईंना मी बातमी, कॅटलॉग आणि अक्कांची अट सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं. बातमी म्हणते जनक तुमचे वडील, कॅटलॉग म्हणतो संशोधक तुमचे वडील, आणि प्रतिज्ञापत्रं म्हणणार अक्का. समोरचे म्हणतील, यांचं यांच्यातच जमत नाही, यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा? "कायद्याला जनक कोण याच्याशी देणंघेणं नाही," त्या म्हणाल्या. "गप्प राहिलं तरी चालेल. नावाचा विषयच काढू नका." मी म्हणाले, मग पेपर मिळणार नाही. त्यांनी पेन पुन्हा उचललं. म्हणाल्या, "ठीक आहे. तारीख तर बदलत नाही." दोन प्रतिज्ञापत्रं तयार झाली. अक्कांचं त्यांना मराठीत वाचून दाखवलं, दोन ठिकाणी त्यांनी शब्द बदलायला लावले. "बनवून घेतले" असं होतं, तिथं "मी आधी लाकडात बनवलं, मग लोखंडात बनवून घेतलं" असं करायला लावलं. माझंही झालं. नोटरीसमोर सह्या झाल्या. गल्लीतल्या चौघांनीही आपापले कागद दिले.

सुनावणी कॉम्प्युटरवरच झाली, बेकरीवरच्या त्याच ऑफिसात. बोलायचं फक्त वकिलांनी, पण अक्का म्हणाल्या, मी येणार. दोन जिने त्या दर पायरीला थांबत चढल्या. पडद्यावर मुंबईचे अधिकारी, दुसऱ्या चौकटीत कंपनीचा वकील, इंग्रजीत झपाझप बोलणारा. मी आणि अक्का बाजूच्या बाकावर, कॅमेऱ्यात न येता. मला बसवत नव्हतं. मी बोटांची नखं एकेक करून सोलून काढली. कंपनीचा वकील म्हणाला, वर्तमानपत्रातला फोटो अस्पष्ट आहे, त्यात दिसतं ते हेच यंत्र कशावरून? आमच्या बाईंनी तोच फोटो मोठा करून पडद्यावर लावला. तळपट्टी दिसली, आणि पट्टीच्या कोपऱ्यात भोक. शेजारी पेटंटमधलं चित्र लावलं, तिथंही भोक. अधिकाऱ्यांनी कंपनीच्या वकिलाला विचारलं, हा चौदा नंबर कशासाठी? तो कागद चाळून म्हणाला, रस निथळण्यासाठी. आमच्या बाईंची मदतनीस अक्कांच्या कानात मराठीत सांगत होती. तिनं हे सांगितलं मात्र, अक्का बाकावरूनच ओरडल्या, "रस कसला निथळतोय बोडक्याचा! गिरणीच्या मोटारीची पट्टी हाय ती!"

अधिकाऱ्यांनी वर बघितलं. "कोण बोलतंय?" त्यांनी मराठीतच विचारलं. आमच्या बाईंनी माफी मागितली आणि अक्कांचं पूर्ण नाव सांगितलं, ज्यांचं प्रतिज्ञापत्र जोडलंय त्या याच. अधिकारी म्हणाले, त्यांना मध्ये बोलू नका म्हणून सांगा. पण हसू त्यांनी दाबलं होतं, हे मी बघितलं.

निकाल अडीच महिन्यांनी आला. त्या अडीच महिन्यांत मी शेडमध्ये तीन पाती उलटी बसवली, एका जुन्या कामगाराला विनाकारण बोलले, रात्रंदिवस फोन खिशात ठेवला. पेटंट रद्द झालं. असं यंत्र अर्जाच्या कितीतरी आधीपासून लोकांच्या उघड वापरात होतं, असं त्यात लिहिलंय. एका परिच्छेदात अक्कांचं पूर्ण नाव आहे, त्यांनी ते प्रथम लाकडात तयार केलं या वाक्यासह. कंपनी वरच्या कोर्टात जाऊ शकते, अजून गेलेली नाही. गल्लीत पेढे वाटले. समोरचा शेडवाला म्हणाला, गल्लीच्या तोंडाला आप्पांचा बोर्ड लावूया, वर्गणी मी गोळा करतो. मी नको म्हणाले आणि निकालातला तो परिच्छेद त्याला वाचून दाखवला. "बाईनं काढलंय व्हय ह्ये?" म्हणाला आणि निघून गेला. तेव्हापासून तो माझ्याशी जरा कमी बोलतो.

नवीन पट्टीचा पहिला नमुना घेऊन मी अक्कांकडं गेले. वर त्यांचं नाव, त्याखाली बनवणारे म्हणून तुमचं. सुनेनं त्यांना निकाल वाचून दाखवला, मग पट्टी. त्यांनी पट्टी दोनदा वाचून घेतली. "बरोबर लिवलंय," म्हणाल्या. मला वाटलं आता काही तरी गोड बोलतील. "उशीर केलास," एवढंच म्हणाल्या आणि सुनेला चहा टाकायला सांगितला. चहा मी घेतला. फार गोड होता.

हे सगळं इथं संपायला हवं. शेड वाचली, नाव लागलं. आज सुट्टीचा वार आहे, गल्ली शांत आहे, आणि मी सकाळपासून तीनदा लेथ पुसलाय. हे पत्र कुठं टाकायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते. माझं प्रतिज्ञापत्र तयार करताना वकीलबाईंनी विचारलं होतं, "यंत्र अक्कांचं आहे हे तुम्हाला कधी कळलं? कॅटलॉगवर ते बोट ठेवणार." मी क्षणभरही थांबले नाही. म्हणाले, "आत्ता, पेपर शोधताना." त्यांनी तसं लिहिलं. "सदर बाब अलीकडेच माझ्या निदर्शनास आली." त्याखाली मी शपथेवर सही केली आहे. कुणी काही विचारलं नाही. अक्कांना त्यांचा कागद वाचून दाखवला, माझा नाही. त्या दिवशी मी खोक्यावर बसले होते, लेथखालून डोळा काढून मीच आणला होता, हे आता त्यांनाच तेवढं ठाऊक आहे, आणि त्यांनी मला अजून विचारलेलं नाही.